बंबाच्या वाटेवरचे पांढरे पट्टे

प्रति,
शहरातल्या सर्व गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीवरची मंडळी

स.न.वि.वि.

मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्या बारा-बारा मजल्यांच्या तीन विंग आहेत. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘हा कोण आम्हाला शिकवणारा’ असं वाटणार नाही. बी विंगच्या मागून, कंपाउंडच्या भिंतीलगत जो रस्ता, म्हणजे आगीच्या बंबाची वाट, सी विंगकडे वळतो, त्याच्यावर पार्किंगच्या 19 चौकटी पांढऱ्या रंगाने आखलेल्या आहेत. त्या माझ्याच काळात आखल्या गेल्या. रंगाचं बिल माझ्या सहीने पास झालं. सर्वसाधारण सभेत एकाही सभासदाने विरोध केला नाही, उलट टाळ्या पडल्या. दर चौकटीला महिना 700 रुपये, म्हणजे वर्षाला 1,59,600 रुपये. त्या पैशातून आम्ही आवारात सीसीटीव्ही बसवले.

त्याच सीसीटीव्हीचं एक चित्रण माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात, रात्री 2 वाजून 41 मिनिटांनी ॲम्ब्युलन्स गेटपाशी येते. सी विंगमधल्या एका काकांच्या छातीत दुखत होतं. गाडी बी विंगच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि थांबते, कारण वळणावरच्या चौकटीत एक लांबलचक एसयूव्ही उभी आहे. तिचं नाक चौकटीच्या बाहेर हातभर आलेलं. वॉचमन इंटरकॉमवर मालकाला शोधतो. मालक सहकुटुंब नाशिकला. पाच-सहा जण छत्र्या टाकून त्या गाडीला रेटतात, ती जागची हलत नाही. मग ॲम्ब्युलन्सचे दोघं स्ट्रेचर घेऊन चालत निघतात. पेव्हर ब्लॉकवर स्ट्रेचरची छोटी चाकं अडकतात, म्हणून ते स्ट्रेचर उचलतात. काकांना घेऊन ते परत गाडीशी पोचले तेव्हा पडद्यावर वेळ होती 3 वाजून 4 मिनिटं.

काका वाचले. आणि ते वाचले म्हणूनच आमच्याकडे काही बदललं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, ‘थोडक्यात निभावलं’ असं सगळे म्हणाले आणि चर्चा लिफ्टच्या एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर गेली.

एक ठराव मात्र झाला, तोही सांगण्यासारखा आहे. आखलेल्या चौकटीतली प्रत्येक गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, म्हणजे वेळ आली तर ढकलता येईल. आपल्याकडे निम्म्या सोसायट्या याच युक्तीवर चालतात. जुन्या मारुतीच्या जमान्यात ती चालूनही गेली. पण आता नव्या गाड्यांत ऑटोमॅटिक कितीतरी. त्या ‘पी’वर, म्हणजे पार्कवर टाकल्याशिवाय धड बंद होत नाहीत, आणि ‘पी’वर टाकल्या की दहा माणसं लागली तरी ढकलल्या जात नाहीत. हँडब्रेकच्या जागी बटण आलं, ते बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की आपोआप लागतं. त्या रात्रीची एसयूव्ही अशीच होती. मालकाने नियम मोडला नव्हता; नियम पाळणं त्याला शक्यच नव्हतं.

ॲम्ब्युलन्स तरी लहान गाडी, आणि माणूस उचलून नेता येतो. बंबाचं तसं नाही.

मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर. एका सकाळी टेप घेऊन खाली उतरलो. मूळ नकाशात तो रस्ता 6 मीटरचा आहे आणि भिंत ते भिंत मोजला तर भरतोही तेवढाच. मधल्या आकाराची गाडी साधारण 1.8 मीटर रुंद. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये माणूस वीतभर जागा सोडतोच, म्हणजे 2 मीटर गेले. समोरच्या बाजूला, इमारतीच्या अंगाला, दुचाक्या आडव्या लावलेल्या. त्यांनी पावणेदोन मीटर खाल्ले. उरले सव्वादोन. बंबाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते.

समजा दुचाक्या नाहीत, फक्त एका बाजूच्या गाड्या आहेत. मग उरतात 4 मीटर आणि बंब सरळ रेषेत आत जातो. पण नुसतं आत जाऊन काय करणार? बाराव्या मजल्यापर्यंत जायला शिडीची गाडी लागते, आणि ती शिडी चढवण्याआधी गाडीचे चारही पाय दोन्ही बाजूंना बाहेर काढून जमिनीवर रोवावे लागतात. गाडीगणिक फरक पडतो, पण पाय पसरल्यावर त्या गाडीला साधारण साडेपाच ते सहा मीटर रुंदी लागते. नकाशातले 6 मीटर त्यासाठी हाताशी हवेत. मला सेक्रेटरी असताना हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, एवढी मोठी जागा बिल्डरने उगाच वाया घालवली आहे.

आणि समजा बंब गेटबाहेरच राहिला. आमच्या गेटपासून सी विंगच्या टोकापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं, 140 मीटर भरलं. अग्निशमन दलाचा एक होज पाइप साधारण 15 मीटरचा असतो. म्हणजे दहा पाइप एकाला एक जोडायचे, गाड्यांच्या चाकांमधून ओढायचे, आणि प्रत्येक पाइपागणिक पाण्याचा दाब थोडा थोडा गळत जाणार.

मी हे सगळं बोलून दाखवलं की हमखास उत्तर येतं: ‘अहो, आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा पाण्याचा नळ आहे, टाकी आहे, पंप आहे.’ आहे ना. पण आगीत वीज गेली, किंवा पंपच सुरू झाला नाही, तर काय करायचं, याचीही सोय इमारतीत केलेली असते. तळमजल्यावर बाहेरच्या बाजूला, भिंतीतून दोन किंवा चार तोंडांचा एक पितळी नळ डोकावतो, त्यावर टोपणं असतात. बंब तिथे येऊन आपला पाइप जोडतो आणि बंबाच्या पंपाने इमारतीच्या उभ्या पाइपात पाणी चढवतो. तुमच्या सोसायटीत तो नळ कुठे आहे, जाऊन बघा. आमच्याकडे बी विंगचा नळ एका सभासदाच्या तुळशी, मोगरा आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांमागे सापडला. चारपैकी तीन टोपणं गायब होती. पितळ असतं, भंगारात भाव येतो. एका तोंडात चॉकलेटचे कागद आणि एक टेनिस बॉल निघाला.

कायदा काय म्हणतो तेही जरा बघू, कारण मीटिंगमध्ये ‘कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न विचारणारा एक तरी असतोच. राष्ट्रीय इमारत संहितेचा (2016) चौथा भाग आगीबद्दल आहे. त्यात उंच इमारतींसाठी हे स्पष्ट आहे: आवाराचं मुख्य प्रवेशद्वार 6 मीटरपेक्षा कमी रुंद नको, वर कमान किंवा बांधकाम असेल तर खाली साडेचार मीटर उंची मोकळी हवी, इमारतीभोवती गाडी जाण्याजोगी 6 मीटर वाट हवी, तिची जमीन 45 टनांचा बंब पेलेल अशी टणक हवी, आणि सक्तीने सोडलेल्या मोकळ्या जागेत पार्किंग नको. मुंबईला तिची ‘2034’ या नावाने ओळखली जाणारी विकास नियमावली आहे आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, किती आणि कुठे, याचे आकडे इमारतीच्या उंचीप्रमाणे बदलतात. तुमच्यापुरता निकाल तुमच्याच कपाटात आहे: मंजूर नकाशा आणि अग्निशमन विभागाचा अंतिम ना-हरकत दाखला. आमचा दाखला हस्तांतराच्या फायलीत पाणीपट्टीच्या पावत्यांखाली होता. ‘सदर मोकळी जागा कायम अडथळामुक्त ठेवण्यात यावी’ या अर्थाची अट त्यात आहे. मी सहा वर्षं त्या फायलीचा ताबेदार होतो आणि एकदाही ती वाचली नव्हती.

आमच्या गेटचं उदाहरण घ्या. कागदावर 6 मीटर, टेपवर 6.1. मग आम्ही सुरक्षेसाठी बरोबर मधोमध वॉचमनची केबिन ठेवली, 1.2 मीटर रुंद. एका बाजूने आत, एका बाजूने बाहेर, दोन्हीकडे दांड्याचे अडसर. छान शिस्त आली. दोन्ही बाजूंना 2.45 मीटर उरलं. म्हणजे बंब आमच्या गेटातूनच आत येत नव्हता आणि आम्ही मागच्या रस्त्याच्या चौकटींवर वाद घालत बसलो होतो! गणपतीत त्याच गेटवर फ्लेक्सची कमान उभी राहते. तिची उंची कोण मोजतो? मंडप तर थेट रस्त्यावरच, दहा दिवस, आत निरांजनं आणि विजेच्या माळा.

आता मला खटकणारी गोष्ट. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे आपल्यावर. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यायचा असतो. आमच्याकडे एजन्सीचा माणूस येतो, पंप सुरू करून बघतो, आग विझवायच्या सिलिंडरवरच्या चिठ्ठ्या बदलतो, ऑफिसात चहा घेतो आणि शिक्का मारतो. रस्त्याकडे त्याने आजवर पाहिलेलं मला आठवत नाही. त्याची स्वतःची मोटरसायकल त्या पितळी नळासमोर लावलेली मी पाहिली आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी अग्निशमन विभागाचे साहेब आले होते, तेव्हा रस्ता रिकामा होता. सोसायटीत एकही माणूस राहायला आलेला नव्हता, गाडी कुठून असणार? त्यानंतर तो रस्ता पुन्हा तपासायला कोणी आलंच नाही. गेटबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवताना तुम्ही ॲम्ब्युलन्सला किंवा बंबाला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई खाली 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवारात त्याच गोष्टीला आम्ही महिना 700 रुपयांची पावती देतो.

‘ओपन पार्किंग’ बिल्डरकडून पैसे मोजून घेतलेल्या सभासदांचा प्रश्न वेगळा आणि खरोखर अवघड आहे. आमच्याकडे असे चार जण आहेत, त्यांच्याकडे रीतसर पावत्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे की स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, आणि उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सामाईक आहे. हे ऐकवलं की माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे; त्याचे पैसे गेलेले आहेत. पण त्याचं भांडण बिल्डरशी आहे. ते त्याने बाराव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या जिवावर वसूल करू नये. हे वाक्य मी मीटिंगमध्ये याच शब्दांत म्हणालो आणि त्यानंतर दोन घरांशी माझं बोलणं बंद आहे.

‘मग गाड्या ठेवायच्या कुठे?’

याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे मंजूर जागेपेक्षा 40 गाड्या जास्त आहेत. त्यातल्या बहुतेक घरातल्या दुसऱ्या गाड्या आहेत. एक तर तीन वर्षं धूळ खात उभी आहे, तिच्या बॉनेटवर मांजराने संसार थाटलाय. माझं मत असं: पहिल्या गाडीसाठी सोसायटीने डोकं खाजवावं, चिठ्ठ्या टाकाव्यात, स्टिल्टमध्ये दोन मजली यंत्र बसतंय का ते बघावं. दुसऱ्या गाडीची सोय ज्याची त्याने बाहेर भाड्याने करावी. पडीक गाडी नोटीस देऊन हलवावी. यात नाराजी येणार, निवडणुकीत पडावंही लागेल. मी पडलोच.

गाडी म्हणजे नुसता अडथळा नव्हे, हेही लक्षात घ्या. तिच्यात पेट्रोल, रबर, फोम, प्लास्टिक असतं. मुंबईत गोरेगावला जय भवानी इमारतीत ऑक्टोबर 2023 मध्ये पहाटे आग लागली, ती तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. तिथे वाहनं होती आणि कपड्यांचे गठ्ठे. धूर जिन्यातून वर गेला आणि किमान सात माणसं दगावली. त्यानंतर मी आमच्या जिन्याखालच्या दुचाक्यांकडे कधी निवांत मनाने पाहू शकलो नाही.

जुन्या भागातल्या लोकांना मी काही बोलणार नाही. काळबादेवीसारख्या ठिकाणी गल्ल्याच अशा की बंबाला धाप लागावी; 2015 च्या मे महिन्यात तिथल्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. त्यांच्या वाटेला जी अरुंद वस्ती आली ती कुणा समितीने आखलेली नव्हती. आपल्याला मात्र रुंद वाट आयती मिळाली होती.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर त्याला नवल वाटलं ते आमच्या पावतीचं. तिकडे इमारतीभोवतीची वाट साधारण 20 फूट, म्हणजे आपल्याच 6 मीटरच्या जवळपास. फरक इतकाच की ती कडेला रंगवलेली असते, ‘फायर लेन’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथे गाडी लावली तर संध्याकाळी ती टोइंगवाल्याकडून सोडवून आणावी लागते. आपण आकडा तोच घेतला आणि रंग उलट्या कामासाठी वापरला.

महापालिकेकडेही दोन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या एकट्यादुकट्या सोसायटीने मागून होणार नाहीत, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. एक, भोगवटा प्रमाणपत्र देतानाच बंबाच्या वाटेचा नकाशा गेटच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या पाटीवर लावणं सक्तीचं करावं, म्हणजे भाडेकरूलाही दिसेल आणि पुढच्या सेक्रेटरीला फाइल उपसावी लागणार नाही. दुसरं, फॉर्म बीसोबत त्या वाटेचा, तारीख-वेळ दिसणारा, रात्री अकरानंतर काढलेला फोटो मागावा. सकाळी अकराचा नको, तेव्हा सगळ्यांच्या गाड्या ऑफिसात असतात.

दर वर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण त्यात मेले, म्हणून तो दिवस. आपण त्या आठवड्यात काय करतो? लहान ट्रेमध्ये जाळ करून सिलिंडरचं प्रात्यक्षिक, मग फोटो आणि समोसे. या एप्रिलमध्ये मी जवळच्या केंद्रात जाऊन विनंती केली की प्रात्यक्षिक राहू द्या, फक्त तुमची मोठी गाडी आमच्या आवारातून एकदा फिरवून दाखवा. ते आले. चालकाने गेटबाहेरच गाडी थांबवली, खाली उतरला, केबिनच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि काही न बोलता पुन्हा वर चढून बसला. समितीचे नऊच्या नऊ जण तिथे उभे होते.

केबिन त्याच महिन्यात हलली. चौकटींना वेळ लागला. तीन सभा झाल्या, एक सभा कोरमअभावी तहकूब झाली, एका वहिनींनी उपनिबंधकांकडे तक्रार करायची धमकी दिली, जी अजून केलेली नाही. शेवटी 19 पैकी 15 चौकटी रद्द झाल्या. चार पावतीवाल्यांच्या राहिल्या आहेत, पण वळणावरची गेली. पैसे बंद झाले, म्हणून मेंटेनन्स दर घरामागे महिना शंभरेक रुपयांनी वाढला.

पांढरा रंग पेव्हर ब्लॉकवरून निघत नाही. थिनरने घासला, वरून काळा मारला, तरी उन्हात जुनी रेघ दिसतेच, आणि पाहुणे अजूनही तिच्या आत नीट गाडी लावून जातात. काल रात्री साडेअकराला पुन्हा टेप धरला. बी विंगच्या मागे, त्या चार चौकटी सोडल्या तर सर्वांत अरुंद जागी, 5.3 मीटर भरलं. उरलेल्या 70 सेंटीमीटरमध्ये कुंड्या आहेत. त्यांच्या मालकीणबाई गावाला गेल्यात, गुरुवारी येतील, तेव्हा बोलतो.

आपला,
एक माजी सेक्रेटरी
बी विंग